भाड्याने द्यायचं घर

खिडकी उघडी होती. झालं ते एवढंच. मी रिक्षातून उतरून गल्लीच्या तोंडाशी उभी होते, हातात शेंगाचटणीची पुडी होती, आणि समोर माझ्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी दोन्ही तावदानं भिंतीला टेकवून सताड उघडी होती. ही खिडकी उघडत नसे. घर घेतलं तेव्हापासून कधी उघडलीच नव्हती. लाकूड फुगलंय, उन्हाळ्यात सुकलं की आपोआप निघेल, असं दलाल म्हणाला होता. उन्हाळा आला, सोलापूरचा उन्हाळा, दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही तो, तरी ती निघाली नाही. मी तळहातांनी ढकललं, खांद्यानं ढकललं, एकदा आजूबाजूला कुणी नाही असं बघून लाथसुद्धा मारली. शेवटी ही खिडकी न उघडणारीच आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्यात एक प्रकारचं समाधानही होतं. आता तिच्यातून भाकरी थापल्याचा आवाज बाहेर येत होता. मधेच हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला, परातीतलं उरलेलं पाणी खालच्या कढीलिंबाला ओतून आत गेला. कढीलिंब मी लावलेला नव्हता.

मला हेवा वाटला. आपल्या भाडेकरणीचा हेवा वाटावा हे ऐकायला हास्यास्पद आहे, मला कळतं. लोकांना शेजारणीच्या बंगल्याचा हेवा वाटतो, जावेच्या पाटल्यांचा वाटतो. घर माझं, कागद माझ्या नावाचा, महिन्याच्या पाच तारखेला भाडं न मागता येतं, आणि हेवा कुणाचा, तर सांगोल्याकडून आलेल्या सव्वीस वर्षांच्या राजनंदिनीचा, जिच्याकडे बसायला धड दोन खुर्च्या नाहीत. पण छातीत जे चरचरलं त्याला दुसरं नाव नाही. मी त्या गल्लीत उभी राहून विचार करत होते की माझी खिडकी हिला उघडली कशी. मला नाही उघडली आणि हिला उघडली.

हे घर मी माझ्या पैशानं घेतलं होतं. अक्कलकोट तालुक्यातल्या माहेरच्या शेतातून रस्ता गेला. माझा भाऊ चन्नप्पा सरळ माणूस, त्यानं भरपाईतला माझा वाटा माझ्या हातात आणून दिला आणि म्हणाला, आईच्या जमिनीचा आहे, आईसारखा जप. आता एवढ्या पैशाचं करायचं काय, यावर आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आठ दिवस चर्चा झाली. आमच्या घरात म्हणजे सासूबाई सिद्धम्मा, थोरले दीर शिवानंद, त्यांची बायको सुंदरम्मा म्हणजे माझी जाऊ, जिला मी अक्का म्हणते, माझा नवरा नंदीश आणि मी; पोरं सगळी पुण्या-बंगळुराकडे गेलेली. खाली दोघा भावांचं भुसाराचं दुकान, वर आम्ही. मी सकाळी अकराला कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारायला जाते आणि सहाला परत येते. माझ्या मनात काय होतं ते मी पहिल्याच दिवशी बोलले असते, तर त्या घरात एकच शब्द उच्चारला गेला असता, की ही फुटून निघाली. नंदीशनी तो उच्चारला नसता, ते नुसते खाली बघत राहिले असते, आणि त्यांचं खाली बघणं मला शब्दापेक्षा जड जातं. म्हणून मीच म्हणाले, भाड्यानं द्यायला एखादं लहान घर घ्यावं म्हणते. सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. भावजी म्हणाले, शहाणी आहेस. अक्का म्हणाली, म्हातारपणाला आधार होईल. मग मी जुळे सोलापुरात सोळा घरं बघितली आणि प्रत्येक ठिकाणी दलालाला स्वयंपाकघर आधी दाखव म्हटलं. भाड्यानं द्यायच्या घराचं स्वयंपाकघर बाई एवढं निरखून का बघतात, हे त्याला काही कळेना. हे सतरावं. पुढे लहानसं अंगण, दोन खोल्या, आणि ओट्याच्या वर ही पूर्वेची खिडकी, पलीकडे मोकळा प्लॉट. लग्नाआधी आमच्या चन्नम्माच्या, म्हणजे माझ्या आईच्या चुलीसमोर अशीच खिडकी होती. भाकरी थापताना ती मान वर करायची आणि समोर उभी ज्वारी दिसायची. नुसती बघायची, आणि पुन्हा मान खाली घालून थापायची. त्याच ज्वारीवरून रस्ता गेला आणि त्याच पैशातून मी ही खिडकी घेतली.

मंगळवार पेठेतल्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. एक पंखा आहे, तो धूर बाहेर फेकतो आणि दुकानातल्या मिरचीचा खकाणा आत ओढतो. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला तिथं शेगडीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, 'हालु नोडव्वा.' दूध बघ, बाई. तेव्हा घरात अकरा माणसं होती आणि दूध चार लिटर. भाकरी अक्का करणार, आमटी सासूबाई करणार, दूध मी बघणार, अशी वाटणी त्या दिवशी झाली ती कायमची. दूध बघणं हे काम वाटत नाही, पण त्यात दुसरं काही करता येत नाही. पुस्तक वाचता येत नाही, लक्ष दुसरीकडे नेता येत नाही. साय थरथरते, कडेनं बुडबुडे धरतात, मग मधला भाग फुगतो, आणि तो कडेवर येण्याच्या क्षणभर आधी बटण फिरवायचं. एकतीस वर्षांत माझ्या हातून दूध उतू गेलं नाही. कुणी पाहुणे आले की सासूबाई हे सांगतात. कुणाच्या सुनेनं काय काय केलं याची बोलणी निघाली की त्या माझ्याकडे बोट करतात, 'आमच्या शिवलीलाच्या हातनं कदी दूध उतू गेलं न्हाय बगा.' पहिल्यांदा मला याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू. सकाळी हातात इष्टलिंग घेऊन पूजेला बसते तेव्हाही एक कान शेगडीकडे असतो. डोळे मिटलेले, तळहातावर शिव, आणि मनात दूध.

घर घेतल्यावर दूध उतू घालायचा प्रश्न निघाला होता. नव्या घरात पहिल्यांदा शेगडी पेटवायची, दूध ठेवायचं आणि ते भरभरून पूर्वेकडे सांडू द्यायचं, म्हणजे ते घर आपलं झालं. त्याशिवाय घर नुसता कागद असतो. मी जंगमस्वामींना विचारून दिवससुद्धा काढून आणला होता. पण अक्का म्हणाली, 'आपण राहणार न्हाय तितं दूध कशाला उतू घालायचं? जो राहील तो घालंल की.' यात तिचा काही वाकडा हेतू नव्हता, मी तिला ओळखते. सासूबाईंनीही मान हलवली. भाड्यानं द्यायचं घर, असं मीच म्हणाले होते ना, मग कोणत्या तोंडानं सांगू की मला ते दूध सांडताना बघायचं आहे. घर सहा महिने रिकामं राहिलं. लोक म्हणायचे, भाडेकरू मिळेना वाटतं. भाडेकरू येत होते, मीच त्यांना काही ना काही खोट काढून परत पाठवत होते. पाणी पाचव्या दिवशी यायचं. त्या दिवशी नळ बघून येते असं सांगून मी तिथं जायची, टाकी भरली की नळ बंद करायची आणि मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहायची. बंद खिडकीच्या काचेतून पडलेला उजेड ओट्यावर सरकत जायचा, त्याकडे बघायची. घरी येऊन सांगायची, आज पाणी उशिरा आलं. शेवटी नंदीशनीच मला न विचारता एक जोडपं ठरवलं. नवरा बिरुदेव सूतगिरणीत फिटर, बायको राजनंदिनी खाजगी दवाखान्यात नर्स. चांगली माणसं आहेत, म्हणाले, आता नाही म्हणू नकोस.

ती चांगलीच होती, तेच तर वाईट झालं. राहायला आली त्या दिवशी राजनंदिनीनं फोन करून मला बोलावलं, काकू, दूध उतू घालतोय, तुमी आल्याबिगर शेगडी पेटवणार न्हाय. मी गेले. मला काळं घोंगडं अंथरून बसवलं. त्यांच्यात मानाच्या माणसाला घोंगड्यावर बसवतात, आणि मी माझ्या घरात मानाची पाहुणी होऊन बसले. दूध चढायला लागलं तशी मला बसवेना. ती पोरगी शेगडीपासून दोन पावलं मागं सरकली, हात जोडून उभी राहिली, आणि दूध फसफसत वर आलं, भांड्याबाहेर पडलं, ओट्यावरून खिडकीखालच्या भिंतीकडे ओघळलं. करपल्याचा वास घरभर झाला. ती हसत होती. एवढं दूध वाया गेलं आणि ती हसत होती. मग बिरुदेवनं कोनाड्यात बिरोबाची तसबीर ठेवून भंडारा उधळला, आणि मी निघाले तेव्हा राजनंदिनीनं माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, जांभळा खण. घरातली बाई आल्यागेल्या सवाष्णीची ओटी भरते. मी पदर पसरला आणि माझ्या उंबऱ्याच्या आत उभी राहून तिच्याकडून ओटी घेतली. रिक्षात बसल्यावर तो नारळ मांडीवर इतका जड लागत होता की मी तो वाटेत देवळात ठेवून दिला. खण अजून कपाटात आहे, शिवला नाही.

तर त्या दिवशी खिडकी उघडी बघून मी आत गेले. चटणीची पुडी तिच्या हातात दिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, ही उघडली कशी. ती म्हणाली, ह्यांनी ब्लेड फिरवलं. लाकूड फुगलं नव्हतंच, रंग देताना फटीत रंग भरला होता आणि खिडकी चौकटीला चिकटून बसली होती. कडेकडेनं ब्लेड फिरवलं, थोडा साबण चोळला, निघाली. पाच मिनिटांचं काम, काकू. मी हसले. मला वाटतं मी बराच वेळ हसत राहिले, कारण ती जरा माझ्याकडे बघायला लागली. मी लाथ मारली होती. ब्लेड फिरवून बघावं, हे माझ्या मनात आलं नव्हतं. तिनं मला तिथंच ओट्यापाशी गरम भाकरी खायला दिली. खिडकीतून मोकळा प्लॉट दिसत होता, त्यात कुणाची तरी शेळी, पलीकडे पाण्याची टाकी. बघण्यासारखं काहीच नव्हतं. ती मान वर करायची, बाहेर बघायची आणि पुन्हा थापायची.

मग ते वाढतच गेलं. राजनंदिनी मोबाइलवर स्टेटस ठेवायची, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी, खिडकीत चहाचा कप, खिडकीतून दिसणारी संध्याकाळ. ग्रंथालयात बसून मी ते बघायची, एकदा बघून झालं की पुन्हा बघायची. कुणी कुणी बघितलं हे तिला कळतं, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. तोवर ती म्हणायला लागली होती, काकू, तुमी सगळ्यात आदी बगता की! तिला ती माया वाटायची. मला त्या कुंडीचा राग यायचा, कपाचा राग यायचा, दोघं भांडत असतील तर किती बरं, असंही एकदा मनात आलं आणि मी दचकून हातातलं पुस्तक मिटलं. रात्री जेवणं झाली की अक्का भांडी विसळता विसळता काहीतरी सांगत असायची आणि मी मनानं जुळे सोलापुरात राजनंदिनीच्या ओट्यावरचं पातेलं हलवत असायची. हे पाप आहे, असं मला वाटत होतं. आणि तरीही अकरा महिन्यांचा करार संपत आला तेव्हा मी नंदीशना न सांगता तिथं गेले, घोंगड्यावर बसले आणि तिला सांगितलं की आता आम्हीच राहायला येणार आहोत.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान भाडं वाढवून देते म्हणेल. मी त्याची उत्तरं घोकून गेले होते. ती कोनाड्याकडे बघून म्हणाली, 'घर तुमचं हाय काकू. तुमाला नको म्हणणारी मी कोण?' मग उठून चहा ठेवला. चहा घेताना तिनं विचारलं, कधीपासून येताय, सगळे येणार का दोघंच, सासूबाईंना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत ते बरं झालं. मी एकेका प्रश्नाला खोटं उत्तर देत गेले. आश्चर्य म्हणजे ते खोटं बोलताना मला फार सुख वाटलं. दोघंच येणार, म्हणाले. आधी खिडकीला पडदा लावणार, म्हणाले. राजनंदिनी म्हणाली, पडदा नका लावू, उजेड जातो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. किल्ली देताना तिनं मला घर दाखवलं. होय, मला, माझं घर. न्हाणीचा नळ आधी नुसती हवा सोडतो, घाबरायचं नाही. मागच्या दाराची कडी वर उचलून लावायची. खिडकी पावसाळ्यात जरा धरते, तेव्हा खालून ढकलायची, वरून नाही. भिंतीला एक चीर आहे, तिच्यातून मुंग्या येतात, तिथं हळद भरली आहे. मी हो हो म्हणत तिच्या मागून फिरत होते. या घराविषयी तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं मला माझ्या नवऱ्याविषयी ठाऊक नसेल. ओट्यावर तिनं स्टीलचा हंडा काठोकाठ भरून, झाकून ठेवला होता. 'पाणी आता शनवारी येतंय,' म्हणाली, 'तुमी आल्या आल्या कुटनं आणणार?' मी त्यांचा टेम्पो गल्लीतून वळेपर्यंत दारात उभी राहिले, आणि वळल्यावर एकदम इतका आनंद झाला की मी आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, रजा टाकली. घरी सांगितलं, नवे भाडेकरू बघायला जाते. पिशवीत लहान शेगडी, एक पातेलं, अर्धा लिटर दूध, हळदीकुंकू, विभूती. कुणी बरोबर नको होतं. घर तिनं पुसून लखलखीत केलं होतं, कोनाड्यात तेवढा भंडाऱ्याचा पिवळा डाग राहिला होता, तो मी पुसला नाही. खिडकी खालून ढकलली. उघडली. उन्हाची झळ आत आली, प्लॉटमध्ये शेळी होती. मी कपाळाला विभूती लावली, शेगडीला कुंकू लावलं, दूध ठेवलं आणि समोर उभी राहिले. आता हे घर माझं होणार होतं, मग मी नंदीशना सांगणार होते, मग जे व्हायचं ते होऊ दे, खाली बघोत की वर बघोत. एकतीस वर्षांनी पहिल्यांदा मी दूध सांडण्यासाठी तापवत होते. साय थरथरली. कडेनं बुडबुडे धरले. मधला भाग फुगला, वर चढला, कडेला आला, आणि खाली बसला. शेगडी बंद होती. बटणावर माझा हात होता.

मी त्या हाताकडे बघितलं. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. ठीक आहे, म्हटलं, सवय आहे. पुन्हा शेगडी पेटवली, दोन्ही हात पदरात गुंडाळून मुठी आवळल्या आणि दोन पावलं मागं सरकले, राजनंदिनी सरकली होती तशी. दूध आधीच तापलेलं, लवकर चढलं. वर आलं, आणखी वर आलं, कडेवर आलं, हात पदरातच होते, आणि मी पुढे वाकून जोरानं फुंकर मारली. दूध खाली गेलं. फुंकर मारल्यावर मला कळलं की मी फुंकर मारली. मग मी शेगडी बंद केली आणि त्या लखलखीत ओट्याला पाठ टेकून खाली बसले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ओट्यावर दुधाचा एक थेंबही नव्हता. तिसऱ्यांदा ठेवता आलं असतं. दाराबाहेर जाऊन उभं राहता आलं असतं. पण बाहेर उभी राहून मी आत काय सांडतंय याचीच वाट बघितली असती, आणि धावत आले असते, हे मला पुरतं माहीत होतं.

तिथूनच मी राजनंदिनीला फोन लावला. म्हणाले, आमचं यायचं रद्द झालंय, तुम्ही परत या, भाडं तेच राहू दे, कमी दिलंत तरी चालेल. तिच्या मागे कुणीतरी खिळा ठोकत होतं, तिनं त्याला थांबवलं. मग म्हणाली, 'सकाळीच हितं दूध उतू घातलं काकू. आता कसं हलणार?' मी म्हणाले, बरोबर आहे. ती म्हणाली, ओटी भरायला तुम्हाला बोलावणारच होते, पण म्हटलं तुमची हलवाहलवीची गडबड असेल. मग तिनं विचारलं, खिडकी नीट उघडते ना. मी म्हणाले, उघडते.

दूध टाकून देववेना. झाकणाच्या डब्यात ओतलं, हंड्यातलं पाणी कढीलिंबाला घातलं, खिडकी लावून घेतली आणि रिक्षानं मंगळवार पेठेत परत आले. दुपारचे साडेबारा झाले असतील. सासूबाई खाटेवर पडल्या होत्या आणि त्यांच्या माहेरचं कुणीतरी पाहुणं आलं होतं. अक्कानं डबा उघडून बघितला, कुठलं म्हणून विचारलं नाही, घरच्या दुधात ओतलं आणि पातेलं शेगडीवर ठेवलं. पाहुण्यांना चहा करायचा होता. बाहेर सासूबाई माझ्याविषयी काहीतरी सांगत होत्या, काय ते मला ऐकायची गरज नव्हती. अक्का साखरेचा डबा शोधत आत गेली आणि जाता जाता म्हणाली, जरा बघ गं.

मी बघत उभी राहिले.